सुरपूर–नळदुर्गहून विलायतेला: डाक-पटाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

दिवाळीनंतर वाचनालयात भरणाऱ्या प्रदर्शनासाठी ‘दूरच्या नेमणुकीवरून घरी’ हा विषय कार्यकारी मंडळाने आज नक्की केला आणि मांडणीचे काम माझ्याकडे आले. विषय मोठा आहे, त्यामुळे एकच माणूस आणि एकच रस्ता निवडायचा असे मी सुचवले. माणूस म्हणून फिलिप मेडोज टेलर यांचे नाव पुढे केले, कारण आमच्या भागातल्या वाचकाला नळदुर्ग आणि तुळजापूर ही गावे सांगावी लागत नाहीत. टेलर यांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूलमध्ये झाला, १८२४ मध्ये पोरवयात ते मुंबईत उतरले आणि पुढची बहुतेक कारकीर्द त्यांनी निजामाच्या चाकरीत काढली. तरुणपणी तुळजापूरला पोलिसांचे काम, मग हिंगोलीची छावणी, १८४१ नंतर बारा-एक वर्षे सुरपूर संस्थान, १८५३ पासून नळदुर्ग जिल्हा, सत्तावनच्या धामधुमीत वऱ्हाड, आणि १८६० मध्ये स्वदेशी परत, असा त्यांचा प्रवास आहे. सुरपूर आज कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात मोडते.

घरी त्यांनी वडिलांना लिहिले आणि हेन्री रीव्ह या चुलत-मावस नात्यातल्या भावाला लिहिले. रीव्ह यांना गेलेली पत्रे १९४७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. टेलर १८७६ मध्ये वारले. त्यांचे आत्मवृत्त त्यानंतर मुलीने संपादित करून प्रसिद्ध केले.

प्रदर्शनात सुंदर अक्षर, लाखेची मोहोर आणि पिवळा पडलेला कागद दाखवून लोकांना हळवे करणे सोपे आहे. तो मार्ग मला नको आहे. पत्र लिहिल्याचा दिवस आणि ते वाचले गेल्याचा दिवस यांतले अंतर भिंतीवर डोळ्यांना दिसले पाहिजे, कारण त्या अंतरानेच या पत्रांत काय लिहायचे आणि काय वगळायचे हे ठरवले, असे मला वाटते. यासाठी एक लांब कापडी पट करावा, त्यावर सुरपूरपासून इंग्लंडपर्यंतचा डाकेचा मार्ग रंगवावा आणि प्रत्येक टप्प्याखाली दोन तारखांचा तक्ता लावावा, एवढे आज ठरले.

९ जून २०२४

पटाची सुरुवात कुठून करावी यावर ग्रंथपाल बाईंशी बराच वेळ बोलणे झाले. त्यांचे म्हणणे, वाफेच्या बोटी आल्या तिथून सुरुवात करावी, कारण तिथून तारखा धडपणे मांडता येतात. मला मात्र १८२४ चे ते पोर आधी हवे होते, आणि का हवे होते ते इथे लिहून ठेवतो.

टेलर मुंबईला उतरले ते १८२४ च्या सप्टेंबरात. ज्या व्यापाऱ्याच्या पेढीत त्यांना चिकटवून देण्यात आले होते, त्या पेढीची अवस्था विलायतेत वर्णन केल्याप्रमाणे मुळीच नव्हती. मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातलगाने खटपट केली आणि नोव्हेंबरात या मुलाला निजामाच्या फौजेत अधिकारपत्र मिळाले. त्या काळी मुंबईचे पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजाने जाई, आणि वारा-पाण्यावर अवलंबून त्याला चार ते सहा महिने लागत. तेव्हा समजा त्याने उतरल्या दिवशी घरी लिहिले की पेढी बुडीत आहे, काय करू, तर तो प्रश्न घरी लवकरात लवकर पुढच्या वर्षीच्या जानेवारीत वाचला गेला असता आणि वडिलांचे उत्तर उन्हाळा सरता-सरता, कदाचित त्याहून उशिरा, मुंबईला लागले असते. तोवर मुलगा अंगात लष्करी पोशाख चढवून औरंगाबादेत कवायत करत होता. वडिलांनी ‘परत ये’ असे लिहिले असते काय आणि ‘तिथेच राहा’ असे लिहिले असते काय, दोन्हींचा उपयोग सारखाच.

म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाला घराला काही विचारण्याची सोय नव्हती, झालेले कळवण्याची मात्र होती. पुढे वाफेच्या बोटींनी हे अंतर खूप कापले, तरी दूरच्या नेमणुकीवरच्या पत्राला लागलेली ही सवय सुटली नाही, आणि ती जिथे लागली तिथून पट सुरू व्हावा. ग्रंथपाल बाईंनी हे मान्य केले. पहिला तक्ता १८२४ चा.

१७ जून २०२४

आजचा दिवस मुंबईपर्यंतच्या रस्त्यात गेला. नकाशावर दोरा ठेवून पाहिले तेव्हा सुरपूर ते सोलापूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि सोलापूर ते मुंबई आणखी चारशे असा हिशेब निघाला. सुरपूर हैदराबाद–पुणे हमरस्त्यावर नाही. त्यामुळे थैली आधी आडरानातून डाकरस्त्याला आणून घालावी लागे. शिवाय एक गोष्ट नकाशाशिवाय लक्षात आली नसती: सुरपूर भीमेच्या एका तीरावर, सोलापूर दुसऱ्या, आणि पुण्याकडे जाताना इंदापूरच्या अलीकडे पुन्हा भीमाच आडवी येते. म्हणजे सोलापूरमार्गे निघालेल्या पत्राला एकच नदी दोनदा ओलांडावी लागे. पावसाळ्यात नदी दुथडी भरली की उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, बंद आणि थैली तीरावर अडकून. पुढे पुण्याहून बोरघाट, जिथला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, मग पनवेल, आणि तिथून होडीने मुंबई.

ही डाक हरकारे पायी नेत. सहा ते आठ मैलांचा टप्पा, खांद्यावरच्या काठीला थैली आणि घुंगरू, रात्री जंगलाच्या भागात बरोबर मशालवाला, आणि टप्प्याच्या टोकाला पुढचा गडी तयार. घोडा का नाही, असा प्रश्न शाळेतली मुले नक्की विचारतील, म्हणून त्याचे उत्तर तक्त्यातच घालायचे आहे: घाटात, चिखलात आणि नदीच्या उतारावर माणूस जितका खात्रीचा तितका घोडा नाही, आणि घोड्याला दाणा-वैरण रोज लागते. हरकारे रात्रंदिवस ताशी पाच किलोमीटर या चालीने धावले असे धरले तर सुरपूर ते मुंबई पाच दिवस पडतात. हा माझा अंदाज आहे, म्हणून पटावर तो शिसपेन्सिलीने लिहिला जाईल. छापील अक्षरांत फक्त पक्क्या तारखा.

आमच्या वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त टपाल कर्मचारी आज टेबलाशी येऊन बसले होते. डोंगरी भागात पायी टपाल वाहणारे कर्मचारी त्यांनी स्वतः पाहिले आहेत. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: चित्रात हरकारा धावताना काढू नका, तो भरभर चालतो, कारण धावणारा पहिल्याच टप्प्यात बसतो. चित्रकाराला निरोप दिला आहे.

२४ जून २०२४

वाफेच्या बोटीचा तक्ता तयार झाला. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची बोट २० मार्च १८३० रोजी कॅप्टन विल्सन यांच्या हाताखाली मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला लागली. वाटेत एडन, जेद्दा आणि कोसेर इथे कोळसा भरावा लागला. बोटीत साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती आणि एडनपर्यंतच अकरा दिवसांचा लागणार होता, म्हणून डेकवर आणि केबिनांतसुद्धा कोळसा रचला, त्यामुळे बोट पाण्यात इतकी बसली की माणसांना जागा उरली नाही. ही हकीकत मी जरा सविस्तर घातली आहे, कारण विलायतेची वाट अर्ध्यावर आणणारी पहिली खेप अशी कोळशाच्या ढिगावर बसून गेली हे मुलांना आवडेल, आणि खरे सांगायचे तर मलाही आवडते.

नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर ही बोट चालणे कठीण, म्हणून सुरुवातीच्या खेपा पावसाळा टाळूनच होत. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की पेरणी सुरू होते, आणि दख्खनमधल्या साहेबाचा घराशी धागा नेमका त्याच सुमारास तुटे. १८३९ च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतले, कोळशाचे पक्के ठाणे झाले, आणि चाळीसच्या दशकात मुंबई–सुएझ डाक महिनेवारी नेमाने जाऊ लागली. सुएझहून कैरो आणि अलेक्झांड्रियापर्यंत उंट, गाड्या आणि नाईलवरच्या होड्या, तिथून भूमध्य समुद्रात दुसरी बोट. या मिसरच्या टप्प्याची घडी बसवण्यासाठी टॉमस वॅगहॉर्न या दर्यावर्दी माणसाने आयुष्य वेचले. एकूण हिशेब मुंबई ते लंडन पाच-सहा आठवडे.

वाटेत माल्टाला पत्रांना धुरी देत. प्लेगच्या धास्तीने पूर्वेकडून आलेले टपाल विलगीकरणाच्या इमारतीत नेऊन पत्राला पात्याने चिरा पाडत आणि आत धूर जाईल अशी व्यवस्था करत. अशा चिरा असलेला नमुना आम्ही नव्या कागदावर करून ठेवणार आहोत. मुलाच्या हातचे पत्र आईच्या हातात पडायच्या आधी त्याला सुरी लागलेली असे.

१ जुलै २०२४

महिन्यातून एकदा डाक, याचा पत्राच्या घडणीवर जो परिणाम झाला तो आज तक्त्यात मांडता आला. मुंबईहून बोट सुटण्याचा दिवस ठरलेला. त्यातून हरकाऱ्यांचे दिवस वजा केले की सुरपूरला ‘डाकेचा दिवस’ निघे, आणि पावसाळ्यात त्यातून आणखी काही दिवस हातचे राखून ठेवावे लागत. पत्र मात्र त्या दिवशी लिहायला बसत नसत. महिनाभर थोडेथोडे लिहीत जायचे, काल थांबलो तिथून आज पुढे, आणि डाकेच्या दिवशी सही करून लाख लावायची, अशी या काळातल्या अनेकांची पद्धत होती. त्यामुळे एकाच पत्रात आरंभी ताप आलेला असतो आणि शेवटी माणूस घोड्यावर बसून दौऱ्यावर निघालेला असतो. घरच्या माणसाची काळजी आणि सुटका एकाच बैठकीत होई, आणि आजाराची बातमी घरी कळवण्याची त्यातल्या त्यात बरी रीत हीच होती, कारण नुसता ‘ताप आहे’ एवढ्यावर लाख लावली तर पुढचा महिनाभर घरच्यांनी काय करायचे?

टेलर यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १८४० ते १८५३ या काळात ते लंडनच्या ‘टाइम्स’ वृत्तपत्राचे बातमीदार होते. म्हणजे सुरपूरहून निघणाऱ्या थैलीत घरगुती पत्र आणि छापण्यासाठीचा मजकूर शेजारी-शेजारी असत. एकाच टाकाने, एकाच डाकेच्या घाईत हे दोन्ही लिहिणाऱ्या माणसाची घरगुती पत्रेही थोडी बातमीपत्रासारखी होत असतील, असा माझा तर्क आहे. पटावर तो तर्क म्हणूनच जाईल.

त्यांची पत्नी सुरपूरच्या वर्षांत वारली. या मजकुराला पटावर एक ओळ दिली आहे, जास्त नाही. त्या ओळीखाली दोन तारखांचा तक्ता रिकामा ठेवून शेजारी एवढेच लिहायचे आहे की इंग्लंडातल्या घराने ही बातमी वाचली तोवर इथले सुतक फिटून साहेब कचेरीत बसू लागला असणार, आणि घराने लिहिलेले सांत्वन त्याच्या हाती पडेपर्यंत तिसरा महिना लागला असणार.

८ जुलै २०२४

वजनाचा तक्ता. ब्रिटनमध्ये १० जानेवारी १८४० पासून एका पेनीचे एकसारखे टपाल सुरू झाले. त्याआधी पत्राचे पैसे कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरत आणि ते बहुधा घेणाऱ्यानेच द्यायचे असत, त्यामुळे पाकीटही जास्तीचा कागद ठरे. लोक मग पत्राचाच कागद घडी करून बाहेरच्या बाजूवर पत्ता घालत. नंतर वजनाचा हिशेब आला. हिंदुस्थानच्या डाकेला साउदॅम्प्टनमार्गे स्वस्त आणि सावकाश, फ्रान्सच्या मार्सेय बंदरामार्गे महाग आणि लवकर अशा दोन वाटा होत्या. साउदॅम्प्टनला अर्ध्या औंसाचे टप्पे, मार्सेयला पाव औंसाचे. लिहिणाऱ्याने पत्त्याच्या कोपऱ्यात मार्ग लिहायचा.

हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकाच दराची तिकिटे आली: पाव तोळ्याला अर्धा आणा, मग अंतर कितीही असो. पाव तोळा पत्र म्हणजे किती, हे ग्रॅममध्ये सांगून कोणाला समजत नाही, म्हणून आज आम्ही बाजारपेठेतल्या सराफाकडे गेलो. सराफाने काटा स्वच्छ पुसून त्यावर आमचा रोजच्या वापरातला छपाईचा ए-फोर कागद ठेवला. पाच ग्रॅम. पाव तोळा होतो २.९ ग्रॅम. कागद मधोमध फाडला तेव्हा अडीच ग्रॅम भरले, म्हणजे अर्धा आण्यात आजच्या कागदाचे अर्धे पान आणि वर लाखेचा एक ठिपका, एवढेच जाणार. पाव औंस म्हणजे सात ग्रॅम, त्यात मार्सेयमार्गे एक पूर्ण पान आणि लाख बसते, पाकीट घातले की काटा झुकतो. सराफ हसून म्हणाले, “सोन्याच्या काट्यावर कागद पहिल्यांदाच चढला.” त्यांचा जुना पितळी काटा आणि तोळ्याची वजने प्रदर्शनापुरती देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. येणाऱ्यांनी स्वतः पत्र लिहून तोलून पाहावे, अशी मांडणी करू.

१५ जुलै २०२४

कागद वाचवण्यासाठी त्या काळचे इंग्रज आणि बाकीचे युरोपीय लोक आडवे-उभे लिहीत. पान आडव्या ओळींनी भरले की ते पाव वळसा फिरवायचे आणि त्याच ओळींवरून काटकोनात दुसऱ्या ओळी लिहायच्या. टेलर यांची पत्रे अशी होती असा माझा दावा नाही. पण ही रीत सर्रास होती आणि वजनाच्या तक्त्याशेजारी तिचा नमुना हवाच. तो मराठीत करावा, म्हणजे वाचणाऱ्यांना गंमत कळेल, असा विचार होता.

दौत, टाक आणि पातळ कागद घेऊन आज बसलो. आडवे पान झाले, ते सुकू दिले, मग कागद फिरवून उभे लिहायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच लक्षात आले की हे देवनागरीत जमण्यासारखे नाही. रोमन वळणदार लिपीत अक्षरे तिरपी आणि ओळ हवेत तरंगलेली असते, त्यामुळे डोळा हवी ती दिशा धरून दुसरीकडे काणाडोळा करू शकतो. आपल्या शिरोरेघा एकमेकींवर आल्या की पानावर सरळ जाळी तयार होते, चौकटींच्या आत अक्षरांचे तुकडे लटकतात, आणि आडव्या ओळीतला काना कुठला व उभ्या ओळीची रेघ कुठली हे ओळखता येत नाही. शिरोरेघ न देता लिहून पाहिले, तेव्हा थोडे वाचता आले, पण ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गफलत होते. मोडी येणाऱ्या एका सदस्याने मोडीतही करून पाहिले. मोडीत तर आधी पानभर रेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवायची पद्धत, त्यामुळे जाळी आणखी घट्ट. आमच्या पूर्वजांनी कागद वाचवायला वेगळे उपाय केले, पत्र मोडीत भरभर आणि दाट लिहिले, समासात मजकूर चढवला, पण पान फिरवून त्यावर लिहिले नाही, यात आश्चर्य नाही.

तिन्ही नमुने फ्रेम करून लावायचे ठरले. शेजारी इंग्रजी नमुना. तो वाचनालयातल्या एका शिक्षिकेने लिहून दिला असून जरा प्रयत्न केला तर दोन्ही दिशांनी वाचता येतो.

२९ जुलै २०२४

नळदुर्गचा भाग. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर हा जिल्हाही कंपनी सरकारच्या ताब्यात दिला आणि टेलर तिथे आले. किल्ल्यातला बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि सांडव्यावरून पडणारे नर-मादी धबधबे हे आमच्या वाचकांचे सहलीचे ठिकाण, त्यामुळे इथे चित्र सोपे आहे. डाकेच्या दृष्टीने नळदुर्ग सुरपूरपेक्षा बरे: सोलापूर जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि भीमा एकदाच. एक दिवस तरी वाचतो. तिथल्या कामाचा व्याप मात्र मोठा होता, जिल्हा नव्याने हाती आलेला, मोजणी आणि जमाबंदी पायापासून बसवायची. या वर्षांतला तक्ता मी आटोपता ठेवला आहे.

१८४० मध्ये रजेवरून परत आल्यावर टेलर १८६० पर्यंत विलायतेला गेले नाहीत. वीस वर्षे ज्यांना लिहायचे त्यांचे चेहरे वीस वर्षांपूर्वीचेच डोळ्यांसमोर. उलट सुरपूरचा बालराजा वेंकटप्पा नायक त्यांना ‘अप्पा’ म्हणे, त्यांच्या देखत वाढला. या दोन घरांपैकी कुठले घर पत्रात जास्त जिवंत असेल, हा प्रश्न पटावर घालावा की नाही यावर आमचे एकमत झाले नाही. सध्या बाहेर ठेवला आहे.

१२ ऑगस्ट २०२४

सत्तावनचा तक्ता सर्वांत कठीण गेला आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी झाला आहे.

१० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला आणि ती बातमी लंडनला जूनच्या अखेरीस पोहोचली. त्या वर्षी टेलर यांना नळदुर्गहून वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवण्यात आले, आणि हैदराबादच्या रेसिडेंटने, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या कंपनी सरकारच्या प्रतिनिधीने, त्यांना दिलेला निरोप प्रसिद्ध आहे: ताबडतोब निघा, फौज द्यायला नाही, पापण्यांनी का होईना पण धरून बसा. आता अशा जागेवरून घरी ‘सर्व क्षेम’ लिहिलेले पत्र घरी कसे वाचले गेले असेल, हे तक्त्यात मांडताना क्रम असा लागला.

बुलढाण्याहून पत्र हरकाऱ्यांच्या खांद्यावर मुंबईकडे निघाले. ते वाटेत असताना मुंबईत तारायंत्राने उत्तरेच्या बातम्या येत होत्या, कारण हिंदुस्थानच्या आत तार सुरू झाली होती, पण विलायतेपर्यंत नव्हती. बोट सुटण्याच्या दिवशी मुंबईचे छापखाने विलायतेसाठी बातम्यांचा गोषवारा छापत आणि तो त्याच बोटीत चढे. म्हणजे एकाच बोटीत खाजगी पत्र आठवडाभर शिळे आणि वृत्तपत्र ताजे. पुढे युरोपच्या किनाऱ्याला, ट्रिएस्टसारख्या बंदरात, बातम्यांचा सारांश तारेने लंडनला जाई आणि थैल्या रेल्वेने व बोटीने मागाहून. त्यामुळे घरच्यांनी आधी वृत्तपत्रात तारेचा मजकूर वाचायचा, काही दिवस धास्तीत काढायचे, मग टपाल आल्यावर मुंबईचा गोषवारा वाचायचा आणि सगळ्यांत शेवटी पत्र उघडायचे, ज्यात या सगळ्याच्या आधीची खुशाली होती. पत्रावरचे ‘सर्व क्षेम’ त्या तारखेपुरते खरे, पण वाचणाऱ्याला ती तारीख दिलासा देत नसे. त्याचे डोळे आधी पत्राची तारीख आणि वृत्तपत्रातली तारीख यांची वजाबाकी करत.

केपच्या वाटेने सहा महिन्यांनी पोहोचणाऱ्या पत्राला ही अडचण नव्हती, कारण त्याच्यापेक्षा वेगाने जाणारे काहीच नव्हते. पत्र जुने असले तरी हातात तीच सर्वांत ताजी बातमी. टपाल जलद झाले, त्याहून तार जलद झाली आणि खाजगी पत्र मागे पडले ते इथे. हा मुद्दा मला कुठल्याही तक्त्यापेक्षा पटाच्या मधोमध हवा आहे, आणि मंडळाने त्यासाठी दुप्पट लांबीचे कापड मंजूर केले.

२ सप्टेंबर २०२४

एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की साहेबाचीच पत्रे का, आपली माणसे दूरच्या नेमणुकीवर नव्हती का. प्रश्न रास्त आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींतली माणसे मेसोपोटेमियात होती आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, अडकलेल्यांना घरचे टपालच मिळत नव्हते. त्यांच्यातल्या अनेकांची पत्रे दुसऱ्या कुणी लिहून द्यायची, सेन्सॉरने वाचायची आणि गावात मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवायची, तेव्हा पत्र लिहवणारी आणि ऐकणारी माणसे यांच्या मध्ये तीन-तीन माणसे उभी. तिथे अंतर दिवसांचे कमी आणि माणसांचे जास्त, म्हणून टेलर यांच्या पटात ते कोंबणे योग्य नाही. समोरची भिंत त्यासाठी मोकळी ठेवली असून पुढच्या वर्षी तिचे काम घेऊ. सभासदांनी आपल्या घरातली लष्करी पोस्टकार्डे आणून दाखवण्याचे मान्य केले आहे.

२३ सप्टेंबर २०२४

शेवटच्या काही तारखा एका छोट्या पट्टीत उरकल्या: सोलापूरला १८६० मध्ये आलेली रेल्वे, १८६९ चा सुएझ कालवा, १८७० ची मुंबई–सुएझ समुद्री तार. टेलर १८६० मध्येच परत गेले, त्यामुळे यातले काहीच त्यांच्या पत्रांना लागू नाही.

तारखांचे रकाने रंगवण्याचा नियम आज लिहून चित्रकाराला दिला. लिहिल्याची तारीख काळ्या शाईने, वाचल्याची पक्की तारीख निळ्या शाईने, अंदाज असेल तर शिसपेन्सिलीने आणि कमीत कमी ते जास्तीत जास्त असे दोन आकडे. मार्सेयची वाट तांबड्या दोऱ्याने शिवायची, साउदॅम्प्टनची पांढऱ्या. भीमेच्या दोन्ही उतारांवर कापडाला उभी घडी ठेवायची, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांच्या तक्त्यात ती उघडून पट तेवढा लांब करता येईल. शिंप्याने घडीसाठी हुक मागितले आहेत, ते उद्या घ्यायचे.